मेत्ला

पहिल्यांदा आत शिरले ती थंडीमुळे.
बाहेर असा गारठा, की जिराफसुद्धा
दाराआडून नुसते अंगण बघत होते.
वर्षाचा पास काढलेला, पैसे भरलेले,
आणि घरी जाऊन करायचं काय?

निशाचरांच्या इमारतीत दिवसा रात्र करतात.
रात्री दिवे लावले की ते झोपतात.
हे कळेपर्यंत मी एका काळ्या काचेसमोर
दहा मिनिटं माझंच नाक बघत उभी होते.

मग नाकामागून ती आली.
देवा रे.
वटवाघळाचे कान, उंदराचे दात,
भिजवून तसंच वाळत टाकल्यासारखं अंग,
आणि मधलं बोट, बोट कसलं,
सांधे असलेली जळकी काडी.
पाटीवर लिहिलेलं: क्सुकोल, मादागास्कर.
बाहेरच्या जगात आय-आय म्हणतात.
माकडांच्या गोतातली म्हणे,
म्हणजे लांबून का होईना, आपल्यातलीच.
मी पर्स छातीशी धरली आणि निघाले.

नाव मेत्ला. म्हणजे खराटा.
रादिमनं ठेवलं, शेपटीवरून.
त्यांना खायला घालायचं काम त्याच्याकडे.
हे मला दुसऱ्या हिवाळ्यात कळलं.
दुसऱ्या हिवाळ्यात परत का गेले, विचारू नका.
हीटरचं बिल, असं समजा.

तेव्हाच तिला नीट ऐकलं.
ती ओंडक्यावर बोट वाजवते, टक टक टक टक,
मग कान लावते,
जरा सरकते, पुन्हा वाजवते.
आत पोकळी आहे का, पोकळीत अळी आहे का,
ते लाकूड तिला सांगतं.
मग दातांनी भोक, भोकात काडी,
काडीच्या टोकाला वळवळणारं जेवण.

ओल्द्रिख बोहुमीनच्या यार्डात एकतीस वर्षं
डब्यांची चाकं वाजवायचा.
लांब दांड्याची हातोडी,
प्रत्येक चाकाला एक ठोका, मान तिरकी.
चांगलं चाक घंटेसारखं बोलतं, म्हणायचा,
तडा गेलेलं खोकतं.
घरी कलिंगड वाजवायचा, पाव वाजवायचा,
एकदा अर्धवट झोपेत माझी पाठ.
"काय म्हणतेय?" मी विचारलं.
"चालेल अजून," म्हणाला, आणि घोरायला लागला.

तिच्यात मला ओल्द्रिख दिसला, असं नाही.
रादिमला तसं वाटलं असावं,
मी सांगितल्यावर तो बराच वेळ बादली धूत बसला.
ओल्द्रिखला मिशा होत्या,
आणि अळ्या सोडा, त्याला मशरूमसुद्धा चालायचे नाहीत.
पण कान लावल्यावर तोंडावर जे उतरतं,
बाकी सगळं जग जरा थांबा, असं काहीतरी,
ते मी एकाच माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं.

आता शेजारच्या लोरिसशीही ओळख आहे.
तो एक पाय उचलतो,
आणि खाली ठेवेपर्यंत माझी मोज्याची टाच होते,
अंधारात, बोटांनी टाके मोजत.

गेल्या वसंतात शाळेची सहल आली.
एक पोरगा ओरडला, "ई! कसली घाण!"
"तिचे दात जन्मभर वाढतात," मी म्हणाले,
"तुझा तर पुढचा एक नाहीच."
बाईंनी मुलांना घुबडांकडे वळवलं.

मेत्लाच्या डाव्या डोळ्यावर आता साय आली आहे.
रादिम ओंडके जवळ ठेवतो.
तिला काही फरक पडलेला दिसत नाही.
डोळ्यांवर तिचा भरवसा कधी नव्हताच.

परवा बटाटे शिजेपर्यंत
माझं मधलं बोट हीटरच्या नळीवर गेलं, आपोआप.
टक टक टक टक.
कान लावला. आत पाणी चाललेलं,
कुणाच्या तरी आंघोळीचं, कुणाच्या तरी भांड्यांचं.
खालच्या श्तेपांकोवाबाईंनी
खराट्याच्या दांड्यानं छत ठोकलं,
तीनदा, चांगलंच रागावून.

मी जरा सरकले.
आणि पुन्हा.